क्रोध आणि अनुताप : परीक्षितीच्या कथेवरून एक अभ्यास

वारकरी मंडळी आम्हांस जे प्रश्न विचारतात त्यांत एक प्रश्न फार जुना आणि फार खरा आहे. "महाराज, गळ्यात माळ आहे, एकादशी चुकत नाही, आषाढी-कार्तिकी होते, हरिपाठ होतो, तरी राग काही जात नाही. राग येतो, तोंडातून नको ते निघतं, आणि मग दोन-दोन दिवस मन खातं. खाऊन खाऊन थकलं की पुन्हा तोच राग. हे चक्र मोडायचं कसं?" विचारणारा बदलतो, गाव बदलते, प्रश्न हाच. कोणी सुनेला टाकून बोललेला असतो. कोणी पोरावर हात उगारलेला असतो. कोणी बांधाच्या हातभर जमिनीवरून सख्ख्या भावाशी बोलणे टाकलेले असते, आणि तो भाऊ मध्येच निघून गेलेला असतो. या शेवटच्याचे दुःख काय सांगावे! राग ज्याच्यावर होता तो उरला नाही. आता खंत सांगायची तरी कोणाला?

"क्रोध हा षड्रिपूंपैकी एक, त्याला मारून टाका," एवढे सांगून या माणसाचे समाधान होत नाही, होऊही नये. शत्रू वेशीबाहेर असता तर वेस लावून घेता आली असती. हा तर आपल्याच घरात जेवतो, आपल्याच अंथरुणावर निजतो, आपल्याच तोंडाने बोलतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनाला स्पष्ट सांगितले आहे की, माणूस स्वतःच स्वतःचा सोयरा आहे आणि स्वतःच स्वतःचा वैरी आहे. सोयरा आणि वैरी एकाच घरात राहत असतील तर आधी घर पाहिले पाहिजे. म्हणून या पाठात आपण घरापासूनच आरंभ करू.

१. घरात कोण कोण राहते?

शास्त्रात अंतःकरण एकच मानले आहे, पण कामावरून त्याची चार नावे झाली : मन, बुद्धी, चित्त आणि अहंकार. मन संकल्प-विकल्प करते : हे करू का ते करू, जाऊ का राहू. बुद्धी निश्चय करते. चित्त आठवून आठवून चिंतन करते, जुने-नवे सगळे साठवून ठेवते. आणि या सगळ्यांवर 'मी' म्हणून शिक्का मारणारा तो अहंकार.

आता एक रागाचा प्रसंग घ्या. दर्शनबारीत सहा तास उभे आहोत, पाय भरून आले आहेत, आणि कोणी मध्येच घुसला. मन म्हणाले, "बोलू का?" चित्ताने लगेच मागच्या वारीची आठवण काढून दिली : "तेव्हाही असाच एक घुसला होता." अहंकार म्हणाला, "मला काय समजलास?" बुद्धी काही सांगणार तोच तोंड उघडले. झाले! मग रात्री मुक्कामावर पाठ टेकली की हेच चौघे पुन्हा बसतात. चित्त तो प्रसंग पुन्हा पुन्हा दाखविते. मन म्हणते, "उद्या त्याला शोधू का?" अहंकार म्हणतो, "माळकरी असून मी असा बोललो? मी किती नीच!" बुद्धी दिवसा उशिरा आली, रात्रीही तिला बोलू देत नाहीत.

ध्यानात घ्या, दिवसा रागावलेला आणि रात्री रडणारा हे दोन वेगळे नाहीत. सकाळी 'मला काय समजलास' म्हणणारा आणि रात्री 'मी किती नीच' म्हणणारा एकच आहे. त्याने फक्त अंगरखा बदलला. म्हणून नुसती खंत केल्याने राग जात नाही. खंत करणाऱ्याचे आणि रागावणाऱ्याचे मूळ एकच असते.

२. एकच राजा, दोन राग

याचा उत्तम दाखला श्रीमद्भागवताच्या आरंभीच आहे. परीक्षितीची कथा सर्वांना ठाऊक आहे, पण आपण तिच्याकडे या प्रश्नाच्या अंगाने पाहू.

पहिल्या स्कंधाच्या सतराव्या अध्यायात परीक्षिती राजा दिग्विजयाला निघालेला आहे. वाटेत एक शूद्रवेषधारी राजचिन्हे लेऊन एका पायावर उभ्या असलेल्या बैलाला आणि दीन गाईला मारीत आहे. बैल म्हणजे धर्म, गाय म्हणजे पृथ्वी, मारणारा कली. राजाला क्रोध आला. पण क्रोध आल्यावर त्याने काय केले? आधी विचारले. बैलाला विचारले, "तुझे पाय कोणी तोडले?" बैलाने नाव घेतले नाही. तो म्हणाला, दुःखाचे कारण कोणी आत्मा म्हणतो, कोणी दैव, कोणी कर्म, कोणी स्वभाव; तू विचार कर. राजाने विचार केला, मग तलवार उपसली. आणि कली पायांवर पडताच तलवार थांबली. मारले नाही, राहायला ठिकाणे नेमून दिली.

पुढचाच अध्याय पाहा. तोच राजा, तेच धनुष्य. शिकारीत दमला, भुकेने-तहानेने व्याकूळ झाला, शमीक ऋषींच्या आश्रमात आला. ऋषी समाधीत बसलेले. राजाने पाणी मागितले. उत्तर नाही, आसन नाही, अर्घ्य नाही. राजाला क्रोध आला. या वेळी त्याने विचारले नाही, तर्क केला. "हा खरोखर ध्यानात आहे, की मला टाळण्यासाठी डोळे मिटून बसला आहे?" आणि शेजारी पडलेला मेलेला साप धनुष्याच्या टोकाने उचलून ऋषींच्या खांद्यावर टाकून तो निघून गेला.

आता सांगा, राजा एका अध्यायात सज्जन आणि दुसऱ्यात दुर्जन झाला काय? नाही. पहिला राग दुबळ्यासाठी होता. त्याने आधी विचारले आणि तो वेळेवर थांबला. दुसरा राग स्वतःच्या तहानेचा होता. त्याने विचारले नाही, गृहीत धरले. भेद एवढाच. म्हणून राग आला की त्याच्या मागे दडलेली तहान शोधावी. पाण्याचीच तहान असेल असे नाही. मानाची असते, दोन गोड शब्दांची असते, झोपेचीही असते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील शिडी आठवा : विषयाचे चिंतन, त्यातून आसक्ती, आसक्तीतून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, त्यातून स्मृतीचा घोटाळा, त्यातून बुद्धीचा नाश, आणि शेवटी सर्वनाश. आठ पायऱ्यांत क्रोध चौथा आहे. त्याच्या खाली तीन पायऱ्या आहेत, त्या आपण पाहतच नाही. पुढे तिसऱ्या अध्यायात, माणसाला बळेच पाप करायला कोण लावतो, असे अर्जुनाने विचारले तेव्हा भगवंतांनी काम आणि क्रोध यांची नावे एकाच श्वासात घेतली. अडलेला काम तोच क्रोध. ओढ्याला दगड आडवा आला की पाणी गर्जते. पाणी मात्र तेच असते.

येथे कोणी म्हणेल, "मग राग मुळी येऊच नये का?" अन्याय पाहून ज्याला काहीच वाटत नाही तो शांत नव्हे, तो निगरगट्ट. बैलाला मार बसताना परीक्षिती पुढे गेला नसता तर भागवताने त्याला राजर्षी म्हटले नसते. प्रश्न राग येण्याचा नाही. आलेला राग कोणासाठी आहे, त्याने विचारले काय, आणि तो थांबू शकतो काय, हे तीन प्रश्न आहेत.

३. 'मी केले' हे दोन शब्द

राजा घरी आला. मुकुट उतरला, अंग थंड झाले, आणि मन खाऊ लागले. आमच्या कीर्तनात येथे एक आख्यान रंगविण्याची चाल आहे : कलीला सुवर्णात जागा दिली होती, तो राजाच्या सोन्याच्या मुकुटात शिरला आणि त्याने हे पाप करविले. कथा गोड आहे, तात्पर्यही चांगले आहे. पण मूळ भागवताच्या श्लोकांत मुकुटाची ही कथा नाही. आणि एकोणिसाव्या अध्यायाच्या आरंभी राजा जो शोक करतो, त्यात तो कलीचे नाव घेत नाही. भुकेचे, तहानेचे नाव घेत नाही. ऋषी उठले नाहीत असेही म्हणत नाही. 'मी हीन कर्म केले', एवढेच म्हणतो.

कलीला दोष द्यायला त्याच्याइतके सबळ कारण दुसऱ्या कोणाला होते? आपण तर रोज देतो. "वेळच तशी होती", "त्यानंच मला डिवचलं", "आमच्या घराण्यालाच राग आहे". हे बोलताना मनाला बरे वाटते, पण खंत तेथेच अडकते. कारण जे मी केले नाही ते मी सुधारणार कसे? 'मी केले' म्हणणाऱ्याच्याच हातात पुढचे करणे राहते.

आणि दुसरी गोष्ट पाहा. शापाची वार्ता अजून राजाला कळलेली नाही. शिक्षेच्या भयाने तो रडत नाही. उलट म्हणतो, या अपराधाचे फळ मला लवकर मिळो, म्हणजे पुन्हा माझ्या हातून असे घडणार नाही. फळ टळावे अशी इच्छा नाही. पुन्हा घडू नये ही इच्छा आहे. खरा अनुताप आणि नुसती भीती यांतला फरक येथे दिसतो.

शमीकांकडेही दृष्टी टाका. त्यांचा लहान मुलगा शृंगी. त्याने बापाच्या गळ्यात साप पाहिला, रागाने कौशिकीचे पाणी हातात घेतले आणि शाप दिला की सातव्या दिवशी तक्षक राजाला डसेल. मग बापाजवळ येऊन मोठ्याने रडू लागला. शमीकांनी डोळे उघडले, खांद्यावरचा साप बाजूला टाकला, आणि विचारले, "बाळ, का रडतोस?" कळल्यावर त्यांना आनंद झाला नाही. एवढ्याशा अपराधाला एवढा दंड! आणि त्यांनी देवाची क्षमा मागितली, ती पोराच्या अपराधाची. राजाने केलेला अपमान त्यांच्या मनाला शिवला नाही.

एका प्रसंगात तीन माणसे : रागावून पस्तावलेला राजा, रागावून रडणारे पोर, आणि ज्याचा अपमान झाला तो शांत म्हातारा. आमचे म्हणणे असे की, हे तिघेही आपल्या आत राहतात. तहानेलेला राजा आहे, बापासाठी चिडलेले पोर आहे, आणि डोळे मिटून बसलेले शमीकही आहेत. फक्त शमीकांना जागे करण्याची आपल्याला सवय नाही.

४. हत्तीचे स्नान

राजा गंगातीरी प्रायोपवेशनास बसला, शुकाचार्य आले, सात दिवसांचे श्रवण सुरू झाले. त्या श्रवणात, सहाव्या स्कंधाच्या आरंभी, राजाने असा प्रश्न विचारला आहे की आपल्या मंडळींचा प्रश्न त्याच्याच तोंडून निघाला असे वाटावे. तो म्हणतो : माणूस पाप करतो, ते अहिताचे आहे हे जाणतो, प्रायश्चित्त घेतो, आणि पुन्हा तेच करतो. मग त्या प्रायश्चित्ताचा उपयोग काय? हे तर हत्तीच्या स्नानासारखे झाले. हत्ती नदीत स्वच्छ धुऊन निघतो आणि काठावर येताच सोंडेने धूळ घेऊन अंगावर उडवितो.

हा प्रश्न साधा नव्हे. विचारणारा मरणाच्या दारात बसला आहे, आणि स्वतः अपराधी आहे. त्याला खोटे समाधान नको आहे.

शुकांनी प्रश्न नाकारला नाही. ते म्हणाले, खरे आहे. कर्माने कर्माचा समूळ नाश होत नाही, कारण अज्ञान तसेच राहते. खरे प्रायश्चित्त म्हणजे विमर्शन. 'विमर्शन' म्हणजे नीट, उलटसुलट पाहून केलेला विचार. आणि पथ्याचा दाखला दिला : जो हितकर अन्न खातो त्याच्यावर रोग चाल करीत नाहीत. औषध रोग झाल्यावर घ्यायचे. पथ्य रोज पाळायचे. मग भक्तीचा महिमा सांगितला : सूर्य उगवला की धुके जसे निघून जाते तसे भक्तीने पाप निघून जाते.

आपले चुकते कोठे? आपण खंत हेच प्रायश्चित्त समजतो. दोन दिवस जेवण गेले नाही, म्हणजे फिटले! हे स्नान झाले. धूळ तशीच काठावर आहे, सोंडही तशीच आहे. विमर्शन झाले नाही.

'ताप' हा शब्द पश्चात्तापातही आहे आणि अनुतापातही आहे. तापाचे काम शिजविण्याचे. पण तव्यावरची भाकरी वेळेवर उलटली नाही तर शिजत नाही, करपते. खंतीचेही तसेच. ती उलटावी लागते : 'मी किती वाईट' या बाजूवरून 'आता काय करावे' या बाजूवर. न उलटता नुसता जाळ घालीत बसलो तर माणूस करपतो, आणि करपलेल्या माणसाला राग लवकर येतो. चक्र फिरत राहते ते असे.

५. आधी आसरा, मग कबुली

शुकांनी पुढे अजामिळाची कथा लावली. आपण ती नाममाहात्म्यासाठी ऐकतो, आणि ते योग्यच आहे. पण तिचा क्रम पाहण्यासारखा आहे. अजामिळाने मरणकाळी मुलाला हाक मारली, नाम उच्चारले गेले, विष्णुदूत आले, यमदूतांचा पाश सुटला. आणि मग, संकट टळल्यावर, अजामिळाला पश्चात्ताप झाला. तेव्हा त्याला टाकलेले म्हातारे आईबाप आठवले, ज्यांना दुसरा आधार नव्हता. टाकलेली पत्नी आठवली. स्वतःचा धिक्कार करून तो थांबला नाही. उठला आणि गंगाद्वारी जाऊन साधनेला लागला.

सुटका आधी, पश्चात्ताप नंतर. यात मोठे मर्म आहे. भ्यालेला माणूस खरे बोलत नाही. तो लपवितो, कारणे सांगतो, दुसऱ्याचे नाव घेतो. ज्याला आसरा मिळाला तोच मोकळेपणी 'मी केले' म्हणू शकतो. आपल्या पोरांचेही असेच आहे : काठी घेऊन विचारले तर खोटे बोलतात, जवळ घेऊन विचारले तर सगळे सांगतात. आपल्या मनाला आपण काठी घेऊनच विचारतो. नामाचा उपयोग येथे आहे. नाम हे रागावर घातलेले झाकण नव्हे. झाकण घातले की आतली उकळी वाढते. नाम हा आसरा आहे. त्या आसऱ्याला बसून मनाला विचारावे, "बाबा, काय झालं? खरं सांग."

माउलींच्या चरित्रातील ताटीचा प्रसंग परंपरेने सांगितला जातो तो असाच. लोकांच्या बोलण्याने मन दुखावून ज्ञानदेव झोपडीचे दार लावून आत बसले. मुक्ताई लहान, पण तिने दार फोडले नाही आणि रागावलीही नाही. दाराशी उभी राहून दादाला विनवीत राहिली. 'ताटीचे अभंग' म्हणजे ती विनवणी. दुखावलेल्या मनाशी कसे बोलावे याचा याहून चांगला पाठ आमच्या पाहण्यात नाही. आपले मन आत दार लावून बसले असेल तेव्हा आपणही मुक्ताई व्हावे, हवालदार होऊ नये.

६. जीभ आणि दात

एकादश स्कंधाच्या तेविसाव्या अध्यायात भिक्षुगीत आहे. नाथमहाराजांनी शके १४९५ (इ. स. १५७३) मध्ये वाराणसीस पूर्ण केलेल्या एकनाथी भागवतात ते प्राकृतात आणून आपल्या घरात दिले आहे. अवंतीतील एक ब्राह्मण, शेती-व्यापाराने धनवान, पण इतका कृपण की स्वतःच्या पोटालाही घालीना. काही धन नातलगांनी नेले, काही चोरांनी, काही काळाने, काही राजाने. सर्व गेल्यावर त्याला जबर अनुताप झाला : धर्म केला नाही, भोगही घेतला नाही, आयुष्य फुकट घालविले. येथपर्यंत तो आपल्यासारखाच. पण त्याने तो ताप उलटविला; संन्यासी होऊन भिक्षा मागू लागला.

मग गावाने छळ मांडला. त्याचा दंड, कमंडलू हिसकावीत, अन्न विटाळीत, त्याच्यावर थुंकत, बांधून घालीत. पूर्वीचा कृपण, आता ढोंगी झाला, म्हणून हिणवीत. त्याने रागवावे की नाही? तो विचार करतो : माझ्या सुखदुःखाचे कारण हे लोक आहेत काय? देव? आत्मा? ग्रह? कर्म? काळ? एकेक पक्ष घेऊन तो तपासतो आणि म्हणतो, कारण मन आहे. आणि एक दृष्टान्त देतो : जेवताना आपल्याच दातांनी आपलीच जीभ चावली, तर त्या वेदनेसाठी रागवायचे कोणावर? दातांवर? दात पाडून टाकले तर उद्या भाकरी कशाने खाणार?

हा दृष्टान्त त्याने बाहेरच्या लोकांविषयी दिला. पण आतल्या घरालाही तो तंतोतंत लागतो. राग हा दात आहे, खंत ही दुखणारी जीभ आहे. दोन्ही एकाच तोंडातली. दात पाडायचे नाहीत, जीभ कापायची नाही, सावकाश जेवायचे.

७. समाज आरतीचा न्याय

माउलींच्या पालखीबरोबर जे चालले त्यांना समाज आरती सांगावी लागत नाही. मुक्कामाच्या तळावर पालखी मध्ये, दिंड्या भोवती, टाळ-मृदंगाचा एकच कल्लोळ. चोपदार चोप उंच करतात, आणि एवढा समाज एका क्षणात शांत होतो. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती दिंडी टाळ वाजवीतच राहते. तिला कोणी हुसकून लावीत नाही. आणि तिच्या टाळांवर आवाज चढवून आरती उरकूनही घेत नाहीत. चोपदार तिच्याजवळ जातात, गाऱ्हाणे ऐकून घेतात, तोड निघते, टाळ थांबतो, मग आरती.

आतल्या तळावर हाच न्याय लावावा. मन, चित्त, अहंकार या दिंड्या, बुद्धी चोपदार, पालखीत प्रभू. राग हा टाळ वाजवीत राहिलेल्या दिंडीसारखा आहे. त्याचे काही गाऱ्हाणे आहे. ते खरे असेल, खोटे असेल, अर्धे खरे असेल. पण ऐकल्यावाचून टाळ थांबणार नाही. खंतीचेही गाऱ्हाणे ऐकावे. मात्र दिंडीने पालखी उचलून चालू लागायचे नाही. गाऱ्हाणे सांगायचे, निवाडा चोपदारावर सोपवायचा. गीतेच्या पाचव्या अध्यायात, देह सुटण्यापूर्वी येथेच जो कामक्रोधाचा वेग सहन करू शकतो तो युक्त, तो सुखी, असे म्हटले आहे. तेथे 'सोढुम्' असे पद आहे, सह् धातूचे. वेग येणारच, सहन करणे आपल्याकडे.

८. नित्याचा पाठ

आता करावयाचे काय, ते थोडक्यात.

राग उठला की प्रथम बोलणे थांबवावे आणि बसावे, पाणी प्यावे. मग विचारावे : ही तहान कशाची? समोरच्याला मी विचारले आहे, की गृहीत धरले आहे? आजकाल फोनवर दोन ओळी लिहून धाडायला क्षण लागत नाही, आणि त्या ओळी परत घेता येत नाहीत. म्हणून रागात लिहूही नये.

रात्री हरिपाठ झाल्यावर घटकाभर विमर्शन करावे. पतंजलींनी दुसऱ्या पादात हिंसादी वितर्कांचे जे भेद केले आहेत ते येथे कामाचे आहेत : स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले, आणि केलेल्याला मान डोलाविलेले, ते लोभाने, क्रोधाने की मोहाने, सौम्य, मध्यम की तीव्र. तीन त्रिक नऊ, नवत्रिक सत्तावीस. एवढे मोजायला बसले की दोन लाभ होतात. जे आपण केले असे वाटत नव्हते ते सापडते : आपण मारले नाही, पण मारणाऱ्याला मान डोलाविली. आणि ज्याचे ओझे उगीच वाहत होतो ते खाली ठेवता येते. आईच्या शेवटच्या घटकेला गाडी चुकली म्हणून पोहोचता आले नाही, यात करणे नाही, करविणे नाही, मान डोलाविणे नाही. ते दुःख आहे, अपराध नव्हे. दुःखाला रडावे, त्याला अपराध म्हणू नये.

अपराध ठरला तर भरपाई करावी. बोललो असू तर ज्याच्यापुढे बोललो त्याच्यापुढेच शब्द मागे घ्यावा. चारचौघांत अपमान करून एकांतात क्षमा मागणे अर्धवट आहे. घेतले असेल तर परत द्यावे. समोरच्याने क्षमा केलीच पाहिजे असा हट्ट धरू नये. क्षमा देणे त्याच्या हाती, मागणे आपल्या हाती.

आणि तो माणूसच उरला नसेल तर? येथे पुंडलिक आठवावा. परंपरा सांगते की तो आधी आईबापांची हेळसांड करणारा होता; डोळे उघडले तेव्हा परतला आणि त्यांच्या पायांशी बसला. इतका, की प्रत्यक्ष देव दाराशी आला तरी हातातली सेवा सोडली नाही, वीट भिरकावून देवाला थांबायला सांगितले. आपले पंढरपूर एका मुलाच्या अनुतापावर उभे आहे. त्याने छाती बडवून घेण्यात दिवस घालविले नाहीत. ज्याचा भाऊ गेला त्याला भावाचे पाय मिळणार नाहीत. पण भावाची मुले असतील, वहिनी असेल, तो बांध असेल. बांध हातभर मागे घ्यावा. पुतण्याच्या शेतात एक दिवस कुळव धरावा. काहीच उरले नसेल तर ज्या दोन भावांचे आज बोलणे बंद आहे त्यांच्यामध्ये जाऊन बसावे. गेलेल्याचे देणे जिवंतांना द्यावे.

एक गोष्ट राहिली. खंत इतकी वाढली की जेवण-झोप सुटली, जगणे नको वाटू लागले, तर ती एकट्याने सोसू नये. घरातल्या जाणत्याला सांगावे, डॉक्टरांना दाखवावे. ताप भरला तर औषध घेतो. मनाचा ताप भरला तर घेण्यात कमीपणा नाही. दिंडीत एखाद्याला चालवेना तर आपण त्याची पडशी घेतो, त्याला "माळ घातलीस ना, चाल!" असे म्हणत नाही.

परीक्षितीचे शेवटी काय झाले? शाप टळला नाही. सातव्या दिवशी तक्षक आला. पण बाराव्या स्कंधात राजा शुकांना म्हणतो की, आता मला तक्षकाचे किंवा मृत्यूचे भय राहिले नाही. केल्याचे फळ आले आणि ते घ्यायला तो उभा होता. रागाने ज्या गळ्यात साप टाकला त्या ऋषींनी त्याच्यावर राग धरला नाही, आणि त्याने स्वतःवरही सात दिवस राग धरून घालविले नाहीत, श्रवण केले. एका तहानेच्या रागातून सुरू झालेली कथा, तिच्यातून सगळ्यांना पुरेल एवढे भागवत आले.

मंडळींनी हा पाठ या महिन्याच्या दोन एकादश्यांना एकमेकांत बसून बोलावा. आणि पुढच्या वारीला निघण्यापूर्वी, ज्याच्या दारात जायचे राहिले आहे त्याच्या दारात एकदा जाऊन यावे. पंढरीची वाट त्या दारावरूनच जाते.

रामकृष्णहरि.